वही कुणाच्या ताब्यात? इंदूरच्या एका डायलिसिस वॉर्डातलं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या एका सरकारी रुग्णालयातलं आहे. रुग्णालयाचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्रयस्थ नव्हतो, हे आधीच सांगतो. माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, तिथले रुग्ण. मी आयुष्यभर विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासले, त्यामुळे रुग्णांच्या नातेवाइकांनी तिथे जमवलेल्या मंडळाची लिखापढी माझ्याकडे आली.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्ह्याच्या रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. बहुतेक ठिकाणी मांडणी भागीदारीची असते. जागा, वीज आणि पाणी रुग्णालयाचं. मशीन, पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट, सुया-नळ्या आणि टेक्निशियन खासगी कंपनीचे. कंपनीला पैसे मिळतात ते दर डायलिसिसमागे. हे ‘दर डायलिसिसमागे’ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या वॉर्डात आठ मशीन होती आणि दिवसाला तीन शिफ्ट. सकाळची सातला लागे, दुसरी बाराला, तिसरी संध्याकाळी पाचला. कुणाचं आठवड्यातून दोनदा, कुणाचं तीनदा, असे पन्नास-साठ रुग्ण. दोन-तीन वर्षं तीच माणसं त्याच वारी त्याच बाकावर भेटत राहिली की कुटुंबासारखं काहीतरी होतं. बाहेरच्या बाकांवर आमचं राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरचं मराठी मंडळ जरा जास्त, त्यामुळे डबे, पेपर, दिवाळीचा फराळ, औषधांची उसनवारी सगळं सुरू. धार, झाबुआ, खरगोनकडची माणसं भिंतीला टेकून खाली बसत. ही बसण्याची विभागणी तेव्हा कुणाच्या नजरेत आली नाही. माझ्याही नाही.

तक्रार करण्याच्या वाटा कागदावर भरपूर होत्या. मुख्यमंत्र्यांची १८१ हेल्पलाइन, कलेक्टर कचेरीतली मंगळवारची जनसुनवाई, केंद्राची ‘मेरा अस्पताल’ नावाची अभिप्राय योजना, वॉर्डातली तक्रारपेटी. शिवाय रुग्ण कल्याण समिती, आणि तिचा तर जन्मच इंदूरचा. १९९४ साली सूरतेत प्लेग झाला तेव्हा इथलं एम. वाय. हॉस्पिटल रिकामं करून उंदीर मारले गेले. त्या साफसफाईतून, कलेक्टर, लोकप्रतिनिधी आणि नागरिक मिळून हॉस्पिटल चालवायचं, ही कल्पना निघाली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. तेव्हा रुग्णाच्या नावाची समिती आमच्या गावात तीस वर्षं आहे. तिच्यात रुग्ण कुठे बसतो, हा प्रश्न मात्र आम्हाला या प्रकरणापर्यंत सुचला नव्हता.

अडचण

एका उन्हाळ्यात अण्णा ‘आज लवकर सुटका झाली’ म्हणत खुशीत बाहेर आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. घड्याळ बघितलं तर सव्वातीन तास. ठरलेले चार.

डायलिसिस चार तास चालवण्यात नुसता नियमाचा हट्ट नसतो. दोन डायलिसिसांमध्ये अंगात साठलेलं पाणी हळूहळू उतरवावं लागतं. तेच पाणी तीन तासांत ओढलं की पायात गोळे येतात, बीपी पडतो, आणि कधी पाणी पूर्ण उतरतच नाही. मग दोन दिवसांत धाप लागते, पोटॅशियम वाढतं, रात्री-बेरात्री धावाधाव.

पण पंचाईत अशी की, रुग्णाला लवकर सुटका हवीच असते. हाताला दोन जाड सुया, पाठीला रग लागलेली, वर थंडी. टेक्निशियन म्हणाला ‘चलो काका, आज जल्दी छोड़ देते हैं’, तर काका त्याला दुवा देतात. भिंतीवरच्या फॉर्मवर हसरा चेहरा, रडका चेहरा असली चित्रं होती. त्यात सगळे हसरे. फोनवरून अभिप्राय विचारला तर उत्तर ‘बहुत अच्छा’. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आणि ज्याला कळलं होतं तोही बोलत नव्हता. आठवड्यातून तीनदा ज्याच्या हातात आपली शीर द्यायची, त्याच्याविरुद्ध कोण लिहील? एका बाईंनी मला हळूच सांगितलं, ‘भैया, नाम मत लिखना. सुई तो वही लगाएगा.’ हे वाक्य मी पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, तारीख न टाकता, लिहून ठेवलं आहे.

वही

आधी आम्ही नेहमीचा मार्ग धरला. सिस्टरच्या टेबलावर एक तक्रारवही दोरीने बांधून ठेवली. महिनाभरात तिच्यात दोन नोंदी झाल्या: पंखा आवाज करतो आणि सिस्टर फार चांगल्या आहेत. दुसरी सिस्टरसमोरच लिहिलेली.

तेव्हा काकू पुढे आल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान चार वर्षं इथे येत होते आणि त्या वर्षीच्या जानेवारीत गेले. तरी मंगळवारी आणि शनिवारी काकू डबा घेऊन येतच राहिल्या, सवयीने म्हणा किंवा दुसरं काय म्हणा. त्या म्हणाल्या, ‘अहो, तक्रार कशाला लिहायची? वेळ लिहा. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं. वर्गात हजेरी घेतो ना, तसं. हजेरीचा राग कुणाला येतो?’

प्रकरणातलं पहिलं वळण हे. वहीत नाव नाही, मशीनचा नंबर नाही. फक्त वार, शिफ्ट, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ. वही बाहेरच्या बाकावर, काकूंच्या कापडी पिशवीत. रुग्ण बाहेर आला की सांगायचा, नातेवाईक लिहायचा. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं काकू लिहायच्या.

सहा आठवड्यांत वही अर्धी भरली. सकाळची शिफ्ट बहुतेक वेळा पावणेचार तासांच्या पुढे जात होती. दुपारची साडेतीनच्या आसपास. संध्याकाळच्या शिफ्टमध्ये चार तास पुरे झालेली नोंद शोधावी लागे. तिथे सव्वातीन नेहमीचे आणि तीनही बरेचदा.

मी दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात वॉर्डाच्या रजिस्टरची प्रत मागितली. तीस दिवसांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती मिळाली. त्यात झाडून सगळे डायलिसिस चार तास शून्य मिनिटांचे. इतकं काटेकोर आपल्या रेल्वेलाही जमत नाही. विम्यात असताना असा कागद समोर आला की आम्ही आधी चष्मा पुसायचो आणि मग दुसरा कागद मागवायचो.

दोष एका कुणाचा होता असं मला आजही वाटत नाही. कंपनीला पैसे डायलिसिसच्या संख्येवर, तासांवर नाही. टेक्निशियन अपुरे आणि दर सहा महिन्यांनी नवे. दोन शिफ्टांच्या मध्ये मशीन निर्जंतुक करायला वेळ लागतो, तो कुठूनतरी काढायचा. त्यात पाणी. एका चार तासांच्या डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, आणि तेवढं मिळवायला आरओत त्याहून बरंच जास्त ओतावं लागतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड. एप्रिल-मेमध्ये टाकी संध्याकाळपर्यंत तळाला जायची. पहिली शिफ्ट पूर्ण आणि तिसरी अपुरी, याचं अर्धं उत्तर त्या टाकीत होतं.

समोर आलेले पर्याय

आम्ही वहीच्या प्रती घेऊन अधीक्षकांना भेटलो. गृहस्थ सज्जन. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि आठवड्याभरात त्यांच्याकडून निरोप आला तो तक्रारीच्या उत्तराचा नव्हता. निमंत्रणाचा होता.

वॉर्डाशेजारची एक खोली आम्हाला देऊ केली होती, कूलरसकट. दारावर ‘रुग्ण सहायता कक्ष’ अशी पाटी. तक्रार निवारणाच्या बैठकीत एक जागा. आमच्यापैकी एकाला रुग्ण कल्याण समितीतून दरमहा मानधन. गळ्यात घालायला ओळखपत्रं. छापील फॉर्म रुग्णालय पुरवणार. बदल्यात एकच अपेक्षा, तीही तोंडी: जे काही असेल ते ‘पहले हमको बताइए’.

त्या रविवारी आमच्या घरी बैठक झाली. तीन मतं पडली.

पहिलं, स्वीकारावं. बाहेर उन्हात बसून वही लिहिण्यापेक्षा आत जागा मिळते आहे. आत राहूनच कामं होतात. हे मत बहुसंख्यांचं होतं, आणि माझंही.

दुसरं, काहीही घेऊ नये. सरळ १८१ वर तक्रार, जनसुनवाईत अर्ज, आणि पत्रकाराला वहीची प्रत. यात मोठा धोका होता. बातमी आली असती तर कंपनीने चार दिवस तास पूर्ण भरले असते आणि पाचव्या दिवशी ‘कुणी सांगितलं’ हे शोधलं असतं. ओळखीच्या एका वकिलांना ग्राहक मंचाबद्दल विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांना फुकट मिळणारी सरकारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलं आहे. इथे मध्ये कंपनी आहे, म्हणून वाद घालता येईल, पण त्यात वर्षं जातील. डायलिसिसच्या रुग्णाला वर्षं मोजून मिळत नाहीत.

तिसरं मत एकट्या काकूंचं. बैठकीला जावं, पण पाहुणे म्हणून. खोली नको, मानधन नको, फॉर्म आपला. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी,’ त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. माझी वहिनी म्हणाली, ‘काकू, पोळी कुठली, कूलर आहे नुसता.’

पहिला पर्याय ठरला.

इथे जरा बाजूला जाऊन एक सांगतो, कारण नंतर वाचताना मला यात आमचंच चित्र दिसलं. इंग्लंडमध्ये १९७४ पासून प्रत्येक भागात रुग्णांच्या वतीने बोलणारी आरोग्य परिषद होती. २००३ मध्ये ती मोडून नवे मंच केले, २००८ मध्ये ते मोडून नवं जाळं केलं, २०१३ मध्ये तेही मोडून ‘हेल्थवॉच’ आणलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की हेल्थवॉचही बंद करून तिचं काम सरकारी खात्यात आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेत मिसळायचं. दर वेळी कारण चांगलंच असतं: कारभार सुटसुटीत होईल, रुग्णाचा आवाज थेट आत पोचेल. आमच्या खोलीवरची पाटी लावतानाही नेमकं हेच बोललं गेलं होतं. भारतातही २००७ पासून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रासह नऊ राज्यांत लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख करायचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात त्यातून जनसुनवाया उभ्या राहिल्या, कारण ते काम तिथे बाहेरच्या संस्थांच्या हातात होतं. हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या रविवारी वेगळं मत दिलं असतं का? खरं सांगायचं तर बहुतेक नाही. मे महिना होता आणि कूलर होता.

खोलीतले तीन महिने

या तीन महिन्यांत काही वाईट झालं नाही, हेच सांगायला कठीण आहे. कामं झाली. संडासाची कडी बसली, पिण्याच्या पाण्याचं मशीन आलं, बाहेरच्या बाकांवर छत घातलं गेलं. छापील फॉर्मवर आलेल्या नऊच्या नऊ तक्रारी मिटल्या आणि अधीक्षकांनी बैठकीत तसं वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मानधन मिळालं ते ई-रिक्षा चालवणाऱ्या एका तरुणाला. त्याची आई तिसऱ्या शिफ्टला. पोरगा लाखात एक. रात्री कुणाला बस चुकली तर पैसे न घेता सोडून यायचा. खोली त्याच्याकडे, म्हणून वहीही त्याच्याकडे गेली. दुसऱ्या महिन्यात टेक्निशियनने आपणहून त्याला सांगितलं की सकाळची एक जागा रिकामी झाली आहे, आईला सकाळी आणत जा. त्याने आणलं. मीही आणलं असतं. लाच कुणी दिली नाही, कुणी घेतलीही नाही. फक्त तिसऱ्या शिफ्टला घड्याळ बघणारं जे एक माणूस होतं ते आता तिथे नव्हतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काकूंनी सहज विचारलं, ‘वही कुठे आहे हो?’

कपाटात होती. शेवटची नोंद अकरा आठवड्यांपूर्वीची. कुणी लपवली नव्हती. नवा फॉर्म आला म्हणून वही बंद पडली होती, आणि नव्या फॉर्मवर तीन रकाने होते: स्वच्छता, व्यवहार, पेयजल. वेळेचा रकानाच नव्हता. फॉर्मचा मसुदा छपाईआधी माझ्याकडे आला होता. मी त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून परत पाठवला. क्लेमचे कागद तपासण्यात पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाने!

त्या संध्याकाळी काकू आणि मी बाहेर बसून पुन्हा वेळा लिहिल्या. आठपैकी सात मशीन सव्वातीन तासांच्या आत सुटली.

मागे फिरणं

मानधन घेणाऱ्या मुलाला दोष न देता बाहेर कसं पडायचं, यावर आम्ही दोन आठवडे घालवले. शेवटी त्यानेच सोपं केलं. म्हणाला, ‘अंकल, पैसे छोड़ देता हूँ, पर अम्मा का सुबह वाला मत छुड़वाना.’ ते आम्ही मान्य केलं. बरोबर केलं की चूक, यावर काकू आणि मी अजून भांडतो.

मग आम्ही अधीक्षकांना पत्र दिलं, एक पानाचं. खोली आणि मानधन साभार परत. बैठकीला येऊ, पण निमंत्रित म्हणून, आणि कोण येणार ते आम्ही ठरवू. वही आमच्याकडे राहील; तिचा गोषवारा दर महिन्याला एकाच दिवशी रुग्णालयाला आणि जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांना जाईल. ज्याचा माणूस मशीनवर आहे त्याची सही कुठल्याही कागदावर नसेल. या शेवटच्या ओळीने मी बाद झालो. सही काकूंची एकटीची. त्यांना आता या वॉर्डाकडून काही मिळायचं राहिलं नव्हतं आणि काही काढून घेण्यासारखंही उरलं नव्हतं. चहा आणि झेरॉक्सचा खर्च वर्गणीतून, दर घरी महिना वीस रुपये. तिसऱ्या शिफ्टच्या घरांना माफ.

पत्राच्या शेवटी रुग्णहक्कांच्या सनदेचा उल्लेख होता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली सतरा हक्कांची ही सनद लागू करायला केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना सांगितलं आहे, आणि तक्रार ऐकली जाण्याचा हक्क तिच्यात आहे.

अधीक्षक दुखावले. ‘आपको हम पर भरोसा नहीं है?’ काकूंचं हिंदी शाळेतल्या प्रार्थनेसारखं. म्हणाल्या, ‘भरोसा है साहब, इसीलिए तो आपकी घड़ी से अपनी घड़ी मिला रहे हैं.’

पुढचे सहा आठवडे थंड गेले. खोलीला कुलूप, बैठकीचा निरोप नाही. एका रुग्णाला ‘आरटीआयवाले’ म्हणून हिणवलं गेलं. दुसऱ्या एकाला सलग दोनदा अगदी नव्या मुलाकडून सुया टोचून घ्याव्या लागल्या आणि हात काळानिळा पडला. मुद्दाम होतं की योगायोग, ते सिद्ध करता येत नाही. आम्ही ते वहीत लिहिलंही नाही. गोषवारा मात्र दोन्ही कचेऱ्यांत ठरल्या तारखेला पोचत राहिला. दुसऱ्या महिन्यात मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांकडून रुग्णालयाला पत्र गेलं: मशीनच्या पडद्यावर दिसणारी वेळ आणि रजिस्टरमधली वेळ एक का नाही?

बैठक लगेच लागली.

बसची गोष्ट

या बैठकीआधी काकूंनी एक काम केलं जे आम्ही सहा महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. त्या तिसऱ्या शिफ्टच्या एकेका रुग्णाजवळ जाऊन बसल्या. भिंतीला टेकून, खाली. निमाडी त्यांना मोडकीतोडकी येते. प्रश्न एकच: चार तास पूर्ण का होत नाहीत?

निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं, आम्हीच सांगतो लवकर काढा म्हणून.

पाचला लागलं तर चार तास म्हणजे नऊ. बँडेज बांधून, रक्त थांबवून साडेनऊ. तिथून गंगवाल बसस्थानक. धार साठ-पासष्ट किलोमीटर, झाबुआ त्याच्या दुपटीच्याही पुढे. आठला सुटलं तर बस मिळते. साडेनऊला सुटलं तर रात्र स्थानकाच्या फरशीवर, आणि तीही डायलिसिस झालेल्या माणसाने. मग ते टेक्निशियनला हात जोडायचे आणि तो त्यांचं ऐकायचा. आम्ही ज्याला चोरी म्हणत होतो तिच्यात थोडी दयाही होती.

सकाळची शिफ्ट कुणाकडे होती? आमच्याकडे. शहरात राहणाऱ्यांकडे, ज्यांनी आधी नंबर लावला, ज्यांना फोन करता येतो, ज्यांना सिस्टर नावाने ओळखते. आमचं मंडळ ‘रुग्णांचा आवाज’ म्हणवत होतं, बैठका राजेंद्रनगरात मराठीत भरवत होतं, आणि तिसऱ्या शिफ्टचा बाहेरगावचा एकही माणूस त्या बैठकांना कधी आलेला नव्हता. कुणी बोलावलंच नव्हतं.

बैठकीत काकूंनी प्रस्ताव मांडला: बाहेरगावचे रुग्ण पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टला, शहरातले तिसऱ्या. घरी येऊन मी तो सांगितला तेव्हा वहिनी भांडं आपटून म्हणाली, ‘भाऊजी, समाजसेवा तुमची. आणि रात्री साडेनऊला यांना दोन जिने चढवायचे मी?’ तिचं चूक नव्हतं. शहरातल्या आठ घरांनी मंडळ सोडलं. काहींनी अधीक्षकांकडे वेगळा अर्ज केला की ही बाई आमच्या वतीने बोलत नाही, आणि तोही खराच होता. अण्णांनी आपली सकाळची जागा झाबुआच्या एका पंचविशीच्या मुलाला दिली. उदारपणे वगैरे नाही, कुरकुरतच. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

निष्पत्ती

अदलाबदल पूर्ण झाली नाही. तिसऱ्या शिफ्टच्या बाहेरगावच्या रुग्णांपैकी साधारण दोन-तृतीयांश दिवसाच्या शिफ्टमध्ये आले. संध्याकाळसाठी कंपनीने एक टेक्निशियन वाढवला. आरओसाठी दुसरी टाकी बसली. प्रत्येक रुग्णाला एक कार्ड मिळालं: आधीचं वजन, नंतरचं वजन, लावल्याची आणि काढल्याची वेळ, टेक्निशियनची सही. कार्ड रुग्णाच्या खिशात राहतं, वॉर्डात नाही. या एका गोष्टीसाठी आम्ही चार बैठका भांडलो, कारण रुग्णालयाला ते फाइलला लावून हवं होतं.

वहीप्रमाणे आता तिसऱ्या शिफ्टचा वेळ बहुतेक पावणेचारच्या पुढे असतो. उन्हाळ्यात पुन्हा घसरतो. पैसे अजूनही डायलिसिसच्या संख्येवरच दिले जातात, तासांवर नाही. त्यामुळे मूळ ओढ तशीच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

वेळ लिहिण्याची युक्ती पुन्हा करीन. तिने नाव न घेता बोलता आलं, आणि जे रुग्णाला स्वतःला तक्रार वाटत नव्हतं तेही दिसलं. समाधान विचारून हे कधीच हाती लागलं नसतं.

खोली घेणार नाही. बैठकीला मात्र पहिल्या दिवसापासून जाईन; काहीही नको म्हणणाऱ्यांचा बाणा मला आवडतो, पण टाकी आणि टेक्निशियन बैठकीतच मिळाले. फॉर्म कुणीही छापो, रकाने आपण ठरवायचे. मानधन लागणारच असेल, आणि गरीब घरच्या मुलाला ते लागतं, तर ते वर्गणीतून द्यायचं, कितीही थोडं असो. आम्ही त्या मुलावर एक ओझं टाकलं आणि मग ते वाहिल्याबद्दल त्याच्याकडे तिरकं बघितलं.

वहीत आणखी एक रकाना घालीन: लवकर काढलं तर कुणाच्या सांगण्यावरून. तो असता तर बसची गोष्ट सहा आठवड्यांत कळली असती. आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या किडनीच्या डॉक्टरांकडे आम्ही वही कधी नेलीच नाही. ते प्रशासनाचे नाहीत, कंपनीचेही नाहीत, आणि सव्वातीन तासांचा अर्थ त्यांना एका नजरेत कळला असता. का नेली नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. ते फार घाईत असत, एवढंच आठवतं.

शहरातल्या नाराज घरांचं काय करायला हवं होतं हे मला आजही नीट कळलेलं नाही. एका वॉर्डात रुग्णांचे दोन आवाज असतील तर दोन्ही लिहून द्यावेत, असं काकूंचं म्हणणं. गोषवाऱ्यात आता एक वेगळं पान त्यांच्या हरकतींचं असतं. ते पान मी लिहितो, कारण त्या बाजूला माझी वहिनी आहे.

सध्या दोन गोष्टी अडकल्या आहेत. कंपनीचा करार नव्याने व्हायचा आहे आणि त्यात पैसे पूर्ण झालेल्या तासांशी जोडावेत, असं पत्र आम्ही दिलं आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. आणि काकू दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला चालल्या आहेत, कायमच्या. वही कुणाकडे द्यायची हे ठरत नाही. ज्याचा माणूस मशीनवर आहे तो चालणार नाही, आणि ज्याचा नाही तो या बाकावर येतो कशाला? धारच्या एका बापाने तयारी दाखवली आहे. त्याच्या मुलाला आईची किडनी बसवायची आहे, कागदपत्रं चालू आहेत. ऑपरेशन झालं की मुलगा मशीनवरून सुटेल आणि बाप मोकळा होईल. तोवर वही पिशवीसकट आमच्या घरी, दाराच्या मागच्या खुंटीला आहे.